मुंबई बेटावरील पाणी तुंबण्याचा इतिहास आणि पूरधोक्याचे आकलन : गिरगाव, लालबाग, परळ व दादर परिसराच्या संदर्भात

गोषवारा

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईतील पुराची चर्चा मुख्यत्वे मिठी नदी आणि उपनगरे यांच्याभोवती फिरत राहिली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटरच पावसाची नोंद झाली. मुंबई बेटाच्या मध्यभागी मात्र याहून फार मोठा नसलेला पाऊसही पाणी तुंबण्यास पुरेसा ठरतो. याचे कारण बेटाच्या भूघडणीत, भरावाच्या इतिहासात आणि भरती-ओहोटीवर अवलंबून असलेल्या निचरा व्यवस्थेत आहे. या परिसरातील पूरधोका पावसाच्या आकड्यावरून मोजण्याऐवजी जमिनीची पातळी, भरतीची वेळ आणि स्थळाचा इतिहास यांच्या आधारे मोजला जावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : मुंबई बेट, भराव, पर्जन्यजलवाहिनी, पातमुख, गिरणगाव, हिंदमाता, पूरइतिहास.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नदीकाठच्या शहरांत पुराची एक निश्चित मोजपट्टी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे सर्वसामान्य नागरिकालाही ठाऊक असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट असे आहेत. २००५ आणि २०१९ च्या महापुरांची तुलना तेथील लोक या फुटांच्या भाषेत करतात. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

मुंबई बेटावर अशी मोजपट्टी लोकस्मृतीत नाही. येथे नदी नाही, त्यामुळे नदीची पातळीही नाही. नदी पात्र सोडून गावात शिरते तेव्हा 'पूर आला' असे म्हटले जाते. लालबाग-परळच्या चाळीतील रहिवासी मात्र 'पाणी भरले' किंवा 'पाणी तुंबले' असे म्हणतात. या शब्दभेदामागे कारणांचा भेद आहे. बाहेरून आलेले पाणी हा येथील प्रश्न नसून, पडलेल्या पाण्याला बाहेर जाता न येणे हा आहे. तथापि शासकीय निवेदनांत आणि वृत्तपत्रांत या घटनेचे मोजमाप प्रायः पावसाच्या मिलिमीटरांत केले जाते. त्यामुळे जेथे पाऊस अधिक तेथे धोका अधिक, अशी समजूत दृढ होते. बेटाचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

मुंबई बेटाच्या घडणीचा आणि पाणी तुंबण्याचा संबंध तपासणे, वसाहतकालीन निचरा व्यवस्थेची गृहीतके स्पष्ट करणे आणि सद्यकालीन उपाययोजनांचे त्या पार्श्वभूमीवर मूल्यमापन करणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटियर, स्थलनामे, पर्जन्यमानाच्या नोंदी आणि महानगरपालिकेच्या प्रकल्पांविषयी उपलब्ध असलेली माहिती यांचा आधार घेतला आहे.

बेटांची घडण : दोन टेकड्यांमधील खोलगट पट्टा

आजचे मुंबई बेट हे मूळ सात बेटांच्या जोडणीतून तयार झाले, हे सर्वश्रुत आहे. पूरइतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक बाब विशेष महत्त्वाची आहे. बेटाच्या पश्चिमेस मलबार हिल ते वरळी अशी टेकड्यांची एक रांग आहे. पूर्वेस डोंगरी, माझगाव, परळ, शिवडी आणि अँटॉप हिल अशी दुसरी रांग आहे. या दोहोंमधील विस्तीर्ण भाग भरतीच्या पाण्याखाली जात असे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून समुद्राचे पाणी आत शिरत असे आणि पार पायधुणीपर्यंत पोहोचत असे. १६७० च्या दशकात मुंबईत आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने आपल्या प्रवासवर्णनात या बुडीत जमिनीचा उल्लेख केला आहे.

हे खिंडार बुजविण्याचे काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कार्यकाळ १७७१-१७८४) यांच्या काळात झाले. 'हॉर्नबी वेलार्ड' या नावाने ओळखला जाणारा हा बांध म्हणजे बेटाच्या इतिहासातील एक निर्णायक टप्पा होय. त्यानंतर १८०३ च्या सुमारास शीव येथील, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५-४६ मध्ये माहीमचा मार्गबांध पूर्ण झाला. शालेय पाठ्यपुस्तकांत या घटनाक्रमाचे वर्णन 'सात बेटे जोडली गेली' असे एका वाक्यात केले जाते. प्रत्यक्षात बांधामुळे समुद्र बाहेर राहिला, परंतु आतील जमिनीची उंची वाढली नाही. भरतीच्या पातळीखालील हा प्रदेश इंग्रजी कागदपत्रांत 'फ्लॅट्स' म्हणून नोंदला गेला. पावसाळ्यात तेथे साचणारे पाणी ओहोटीच्या वेळी वरळीच्या बाजूचे दरवाजे उघडून समुद्रात सोडावे लागे. म्हणजे ज्या दिवशी समुद्राला बांध घातला गेला, त्याच दिवसापासून पावसाच्या पाण्याच्याही वाटेत बांध आला.

फ्लॅट्सची भरणी पुढे शतकभर टप्प्याटप्प्याने होत राहिली. त्यासाठी मातीबरोबरच शहरातील केरकचराही मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. ही भरणी कोणत्याही एका आराखड्यानुसार झाली नाही. ज्याला जेथे बांधायचे होते तेथे त्याने आपल्यापुरती जमीन उंच केली. परिणामी मूळचा एक मोठा खोलगट प्रदेश अनेक लहान खळग्यांत विभागला गेला. १८८३ पासून महालक्ष्मी येथे असलेले घोडदौडीचे मैदान याच सखल भूमीवर आहे.

स्थलनामांतील साक्ष

या भूमीच्या मूळ स्वरूपाची साक्ष स्थलनामे आजही देतात. 'पायधुणी' म्हणजे खाडीचे पाणी ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा, असे सांगितले जाते. 'उमरखाडी' या नावात खाडी आहे, तर 'ब्रीच कँडी' या नावात समुद्राने पाडलेले खिंडार. चिंचपोकळीचा अर्थ गॅझेटियरकारांनी चिंचांची खोलगट जागा असा दिला आहे. 'फोरास रोड' हे नाव महसूल व्यवस्थेतून आले आहे. वेलार्डनंतर लागवडीस आणलेल्या खाऱ्या जमिनी 'फोरास' नावाच्या अल्प साऱ्यावर देण्यात आल्या होत्या आणि त्यांच्या हक्कांबाबत १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. नियोजनकाराला आज ज्या ठिकाणी केवळ एक रस्ता दिसतो, तेथे खाजण होते, ही माहिती त्या रस्त्याच्या नावातच होती.

गिरगावची नावे वेगळी कथा सांगतात. 'गिरी' आणि 'ग्राम' यांपासून गिरगाव, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे गाव, अशी व्युत्पत्ती दिली जाते. खेतवाडी, फणसवाडी, कांदेवाडी ही शेतांची, बागांची आणि वाड्यांची नावे आहेत. मलबार हिल व खंबाला हिलच्या उतारांवरून येणारे पाणी या वाड्यांतून, विहिरींतून आणि तलावांतून जिरत अथवा बॅकबेच्या समुद्राकडे वाहत असे. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबीतलाव, दोनटाकी ही नावे उरली असली तरी ते तलाव आज नाहीत. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आल्यानंतर या तलावांचे महत्त्व कमी होत गेले. हिवतापाच्या प्रसारासंबंधी डॉ. चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर डासांच्या उत्पत्तीचे स्थान म्हणून विहिरी व तलाव बुजविण्याच्या मोहिमेला वेग आला. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय होता. परंतु पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवणारी नैसर्गिक साठवण त्यामुळे नाहीशी झाली आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणतीही साठवण निर्माण केली गेली नाही.

याच काळात गिरगावचा समुद्रही दूर गेला. बॅकबेच्या किनाऱ्यावर आधी रेल्वे आली. पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास संचालनालयाने बॅकबे भरावाचे काम हाती घेतले आणि त्यातील गैरव्यवस्थेवर वीर नरिमन यांनी उठविलेला आवाज देशभर गाजला. त्या वादाची चर्चा प्रामुख्याने खर्चाच्या अंगाने झाली. मरीन ड्राइव्हच्या भिंतीमुळे गिरगावच्या पाण्याचा समुद्राकडील मार्ग लांबला, हा मुद्दा मात्र त्या चर्चेत गौण राहिला.

वसाहतकालीन निचरा व्यवस्था व तिची गृहीतके

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची निचरा व्यवस्था आकारास आली. फ्लॅट्समधून वाहणारी मुख्य उघडी गटारे हळूहळू बंदिस्त झाली आणि वरळी येथील लव्हग्रोव्ह हे निचऱ्याचे प्रमुख केंद्र बनले. विटा व दगडांच्या कमानदार भूमिगत वाहिन्या बांधल्या गेल्या. त्यांपैकी कित्येक वाहिन्या शतकाहून अधिक काळ वापरात राहिल्या, ही त्या काळच्या स्थापत्याची थोरवी मान्य केली पाहिजे.

या व्यवस्थेची रचना ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या क्षमतेची होती. ही क्षमता ठरविताना दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पाऊस पडत असताना समुद्रास ओहोटी असेल, हे पहिले गृहीतक. पडलेल्या पावसापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल, हे दुसरे. पहिले गृहीतक निसर्गाच्या नियमामुळे दिवसातून दोनदा खोटे ठरते. मुंबईतील बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत आणि त्यांतील चाळीसहून अधिक सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. भरतीच्या वेळी या मुखांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्राचे पाणी आत येऊ पाहते. दुसरे गृहीतक मनुष्याने खोटे ठरविले. वाड्यांची जागा चाळींनी, चाळींची जागा इमारतींनी आणि मैदानांची जागा फरसबंद अंगणांनी घेतली, तसतशी मुरण्याची जमीन उरली नाही.

गिरणगाव : कारखान्यांची आणि कामगारांची जमीन

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. त्यानंतरच्या अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, वरळी व दादर या पट्ट्यात गिरण्यांची गर्दी झाली. गिरण्या येथेच का आल्या, याचे एक कारण जमिनीच्या किमतीत होते. उंच, कोरडी आणि समुद्राचा वारा लाभणारी जमीन धनिकांच्या बंगल्यांसाठी महाग झाली होती. सखल व दमट जमीन स्वस्त होती. कामगारांच्या चाळी गिरण्यांच्या भोवती, म्हणजे त्याच सखल भागात उभ्या राहिल्या. बेटावरील वर्गरचना आणि जमिनीची उंची यांचा संबंध असा जुळून आला.

रेल्वेमार्गांनी यात आणखी भर घातली. मध्य आणि पश्चिम रेल्वेचे मार्ग बेटाच्या मधून दक्षिणोत्तर जातात. पाण्याचा नैसर्गिक ओघ मात्र समुद्राकडे, म्हणजे पूर्व किंवा पश्चिम दिशेस आहे. रुळांच्या बांधांखालून पाणी जाण्याची वाट मोऱ्यांपुरतीच उरली. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने दादर-माटुंगा भागात भातखाचरे भरून आखीव वसाहती वसविल्या. नव्या वसाहती उंच झाल्या, तेव्हा शेजारच्या जुन्या वस्त्या तुलनेने अधिक खोल झाल्या. मुंबईच्या पूरइतिहासात हा क्रम पुन्हा पुन्हा दिसून येतो.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमान्वये या जमिनींचा मोठा हिस्सा खुल्या जागांसाठी व सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मिळणे अपेक्षित होते. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. या निर्णयाची चर्चा घरांच्या आणि उद्यानांच्या संदर्भात पुष्कळ झाली. पूरधोक्याच्या दृष्टीनेही तो तितकाच दूरगामी होता. गिरण्यांच्या आवारातील तळी आणि उघडी जमीन ही या खोलगट पट्ट्यातील अखेरची मोठी साठवण होती. तिच्या जागी आलेल्या मनोऱ्यांनी आणि व्यापारी संकुलांनी आपले जोते उंच घेतले व तळमजल्याखाली वाहनतळ बांधले. त्यांच्या आवारातले पाणी रस्त्यावर आणि रस्त्यावरचे पाणी जुन्या चाळींच्या तळमजल्यावर येऊ लागले.

पावसाच्या नोंदी काय सांगतात

कुलाबा येथील वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली. बेटाच्या पावसाचा दीर्घकालीन आलेख तिच्या नोंदींमुळे उपलब्ध आहे. १० सप्टेंबर १९३० रोजी कुलाब्यास चोवीस तासांत सुमारे ५४८ मिलिमीटर आणि ५ जुलै १९७४ रोजी सुमारे ५७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे अतिवृष्टी ही २००५ मध्ये प्रथमच आलेली आपत्ती नव्हती. २००५ च्या घटनेचे स्वरूप मात्र निराळे होते. ढगांचा मारा उपनगरांवर झाला, मिठी नदीने पात्र सोडले आणि शेकडो लोक प्राणास मुकले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल सादर करून शहराच्या जलनिचऱ्याचा सखोल विचार मांडला. जनमानसात उरला तो ९४४ हा आकडा.

बेटाच्या बाबतीत हा आकडा दिशाभूल करणारा ठरतो. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसात कुलाब्यास चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर, तर सांताक्रूझला त्याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. सोसाट्याच्या वाऱ्याचा वेग कुलाब्यास ताशी १०६ किलोमीटरपर्यंत गेला. गिरगाव चौपाटी, चर्चगेट, जे. जे. रुग्णालय अशा ठिकाणी पाणी भरले. त्यांपैकी काही ठिकाणी पाणी साचल्याचे रहिवाशांच्या स्मरणात नव्हते. चोवीस तासांच्या सरासरीने पाहिल्यास हा पाऊस ताशी १४ मिलिमीटरांच्या आत येतो, म्हणजे जुन्या वाहिन्यांच्या क्षमतेहूनही कमी. परंतु पाऊस सरासरीने पडत नाही. तो एक-दोन तासांत कोसळतो, आणि त्याच वेळी भरती असली किंवा वाऱ्याने समुद्र किनाऱ्याकडे लोटला असेल, तर पातमुखे बंद झाल्यासारखीच असतात. दिवसभराच्या पावसाच्या बेरजेत ही वेळ हरवते.

ब्रिमस्टोवॅड आणि हिंदमाता

१९८५ च्या पावसाळ्यातील अनुभवानंतर नेमलेल्या सल्लागारांनी १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' हा अहवाल दिला. वाहिन्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटर करावी आणि पाणी मुरते हे गृहीतक सोडून द्यावे, अशी त्यातील भूमिका होती. त्या वेळी सुमारे ६१६ कोटी रुपयांचा असलेला हा आराखडा दशकभर बव्हंशी कागदावर राहिला. २००५ नंतर केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले. २०११ ते २०१९ या काळात हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथील उदंचन केंद्रे सुरू झाली. येथील एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसू शकतो. ओहोटीची वाट पाहणारे शहर आता भरतीतही पाणी बाहेर टाकू शकते, हा दोन शतकांतील महत्त्वाचा बदल होय.

तरीही दादर-परळच्या सीमेवरील हिंदमाता परिसर पाण्याखाली जात राहिला. हा भाग बशीसारखा खोलगट असून त्याचे पाणी पूर्वेस रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखाकडे जाते. पंप कितीही शक्तिशाली असला, तरी तेथपर्यंत पाणी अरुंद व लांब वाहिन्यांतूनच पोहोचावे लागते. हा अनुभव घेतल्यानंतर महानगरपालिकेने २०२१ पासून दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली पाणी साठविण्याच्या टाक्या बांधल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवावयाचे आणि नंतर सोडावयाचे, हे या टाक्यांचे तत्त्व आहे. जुने तलाव आणि गिरण्यांची तळी हेच कार्य करीत होती. बुजविलेली साठवण शंभर वर्षांनी भूमिगत स्वरूपात पुन्हा बांधावी लागली, असा याचा ऐतिहासिक अर्थ आहे.

टाक्यांनी पाणी ओसरण्याचा वेळ कमी झाला, परंतु धोका संपला नाही. मे २०२५ मध्ये मान्सून विक्रमी लवकर दाखल झाला आणि कुलाब्यातील पावसाने १९१८ सालच्या मे महिन्याचा उच्चांक मोडला. २६ मे रोजी हिंदमाता पुन्हा जलमय झाले आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले.

धोका कोणाच्या वाट्याला येतो

२९ ऑगस्ट २०१७ रोजी पाणी भरलेल्या प्रभादेवी परिसरातून पायी घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. या दुर्घटनेनंतर मॅनहोलवर जाळ्या बसविण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, ते योग्यच झाले. मॅनहोलचे झाकण उघडण्यामागील कारण मात्र जुनेच होते. पाण्याला वाट नव्हती, आणि ती मिळावी म्हणून झाकणे काढण्याची रीत या भागात रूढ होती. त्याच दिवशी परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तळमजल्यावरील कक्षांत पाणी शिरले आणि रुग्णांना हलवावे लागले. १९२६ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय राज्यभरातील गरीब रुग्णांचा आधार आहे.

चाळीच्या तळमजल्यावरील कुटुंब धान्याचे डबे आणि कागदपत्रे माळ्यावर ठेवते. दुकानदार उंबऱ्यावर फळी किंवा विटांचा बांध घालतो. दरवर्षीच्या या नुकसानीची पंचनाम्यात क्वचितच नोंद होते, कारण ती 'आपत्ती' या व्याख्येत बसत नाही. नदीकाठच्या पुराप्रमाणे तिला मदतीचे निकष लागू होणेही दुरापास्त असते. परिणामी जो धोका वारंवार येतो, तोच शासकीय इतिहासात सर्वांत कमी दिसतो.

निष्कर्ष

१. मुंबई बेटाच्या मध्यभागातील पाणी तुंबणे ही अपवादात्मक पावसाची घटना नसून दोन टेकड्यांमधील बुडीत जमीन अपुऱ्या व असमान भरावाने वसविल्याचा परिणाम आहे.

२. २६ जुलै २००५ हा उपनगरांचा मानदंड आहे. बेटासाठी १९७४ आणि २०२० च्या नोंदी, तसेच दरवर्षीच्या लहान घटना अधिक बोधप्रद आहेत.

३. निचऱ्याची वाट रुंद करणे आणि पाणी धरून ठेवणे, हे दोन्ही उपाय एकत्र केल्याशिवाय भरतीच्या वेळेचा प्रश्न सुटत नाही. साठवणीचा उपाय सर्वाधिक काळ दुर्लक्षित राहिला.

४. एका भूखंडाची उंची वाढविल्याने शेजारच्या भूखंडाचा धोका वाढतो. बी. डी. डी. चाळी व जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू असताना, तसेच किनारी रस्त्याच्या भरावाने महालक्ष्मी-वरळीचा किनारा पुन्हा पुढे सरकला असताना, जोत्याच्या उंचीचा विचार इमारतीपुरता न करता संपूर्ण परिसराच्या पातळीवर होणे आवश्यक आहे.

५. कोल्हापूर-सांगलीप्रमाणे मुंबई बेटासही पातळीची मोजपट्टी हवी. हिंदमाता, लालबाग, परळ, गिरगाव येथे कोणत्या दिवशी, भरतीच्या कोणत्या वेळी, कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले, याची नोंद ठेवणे अवघड नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जुन्या रहिवाशांच्या आठवणी, भिंतींवरील ओलीच्या खुणा आणि जुने नकाशे एकत्र केल्यास काही वर्षांत असा दस्तऐवज उभा राहू शकेल. पुनर्विकासात चाळी पाडल्या जात असताना त्या खुणाही नाहीशा होत आहेत. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.